पाते झिजवावे की राखावे?

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी पाटावर जी आयुधे मांडली जातात, त्यांत शस्त्र म्हणावे असे फारसे काही नसते. एक विळी, एक अडकित्ता, हातोडी, पक्कड, आईची कात्री, मुलीने हट्टाने ठेवलेली कंपासपेटी, आणि या सर्वांच्या मधोमध आजोबांचा चाकू. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे फूल; आणि त्या दिवशी यांपैकी कशालाही कामाला लावायचे नाही, हा दंडक. भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवायची. जबलपुरात आमच्या घराण्याची ही तिसरी पिढी. परंतु पाटावरील मांडणीत फरक पडला नाही.

चाकू घडीचा, चार बोटे लांबीचा, सांबरशिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा आहे. इंग्लंडातील शेफील्ड येथील जोसेफ रॉजर्स अँड सन्स या प्रसिद्ध पेढीचा. पात्याच्या मुळाशी चांदणी आणि माल्टाचा क्रूस ही त्या पेढीची दोन चिन्हे आहेत. आजोबा १९४३ साली, युद्धकाळच्या नोकरभरतीत, सातारा जिल्ह्यातून येथे कारकून म्हणून आले. युद्ध संपल्यावर मुंबईस गेले असता त्यांनी तो विकत घेतला. त्यांच्या पगाराच्या मानाने ती उधळपट्टीच होती. किंमत किती दिली हे सांगण्याचे त्यांनी आयुष्यभर टाळले. मोठे पाते त्यांनी रोज वापरले. पेन्सिलीला टोक करावे, पेरूच्या फोडी कराव्या, पार्सलाची सुतळी कापावी, टपाल फोडावे. निसण्यावर घासून घासून ते आज मूळच्या दोन तृतीयांशच उरले आहे. लहान पाते मात्र त्यांनी ‘राखून’ ठेवले. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. वडिलांनीही कारण न विचारता तीच रीत पाळली.

गेल्या वर्षी जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे एक गृहस्थ घरी आले होते. त्यांनी चाकू खिडकीशी नेला, लहान पाते नखाने उघडले, भिंगातून पाहिले आणि माझ्या निम्म्या पगाराएवढी किंमत सांगितली. ही किंमत बव्हंशी न वापरलेल्या पात्याची, असेही त्यांनी स्पष्ट केले. त्यावर कारखान्यातील मूळची झिलई अजून आहे, चिन्हे ठसठशीत आहेत. “यापुढे याला दगड लावू नका,” ते म्हणाले, “धार लावलीत की मोल उतरले.” मग त्याच पात्याच्या मुळाशी असलेले दोन तांबूस ठिपके त्यांनी मला दाखविले. राखून ठेवलेल्या पात्याला तांबेरा धरू लागला होता. आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षे राबलेले मोठे पाते करडे, निळसर, परंतु निष्कलंक होते.

गृहस्थ गेल्यावर मुलीने विचारले, “मग बाबा, या छोट्याने काहीच कापायचे नाही का? कधीच नाही?” तिला उत्तर देता आले नाही. वडील गेल्या पौषात वारले. चाकूचा निर्णय आता माझ्याकडे आहे, आणि बदलीच्या नोकरीत निर्णय लांबणीवर टाकला की तो सामान बांधणारा हमाल घेतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून या घरगुती प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते काय, हे पाहण्याचा मी प्रयत्न केला. कारण पाते वापरावे की जपावे, हा प्रश्न माझ्या आजोबांच्या खिशापुरता नाही. गेल्या दोनशे वर्षांत तो मराठी समाजापुढे निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला आहे.

यांपैकी अगदी ताजा प्रसंग २०२५ सालचा. त्या वर्षी एप्रिल महिन्यात लंडनमधील एका लिलावात एक तलवार विक्रीस आली. सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे पाते. त्यावर सोन्याच्या नक्षीची मराठी घाटाची मूठ. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा’ यांचे नाव. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. सर्व खर्चासह सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये पडले. आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली.

जबलपुरच्या माणसाला ही बातमी परकी वाटू नये. पहिले रघूजी भोसले यांना शाहू छत्रपतींकडून सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला. त्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांची परिणती १७५१ च्या तहात झाली, आणि ओडिशाचा प्रदेश व बंगालची बारा लाखांची चौथाई नागपूरकरांच्या पदरात पडली. १७५५ मध्ये ते वारले. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी घेतले होते. १७९८ मध्ये हा मुलूख रघूजींचे नातू दुसरे रघूजी यांच्याकडे आला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात इंग्रज जबलपुरात शिरले. म्हणजे आपण ज्या शहरात आज नोकरी करतो, तेथे सुमारे एकोणीस वर्षे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. रघूजींची तलवार सीताबर्डीनंतरच्या लुटीत गेली असावी की नंतर कोणास भेट म्हणून दिली गेली असावी, यावर अभ्यासक तर्क करतात. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले, तेव्हा राजवाड्यातील हत्तीघोडे सीताबर्डीस विकले गेले व जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. अशा वाताहतीत एक तलवार कोणत्या वाटेने गेली याची नोंद कोण ठेवणार?

आता या तलवारीपुढे आपला प्रश्न मांडून पाहावा. ती पुन्हा उपसावी असे कोणी म्हणणार नाही. तिचे स्थान काचेच्या कपाटात, याविषयी दुमत नाही. परंतु का? जुनी म्हणून? जुन्या तलवारी पुष्कळ आहेत. महाग म्हणून? किंमत तर बोलीची असते. माझ्या मते कारण एकच : तिच्यावरील लेख. ते नाव पुसले गेले तर ही रघूजींची तलवार हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. त्या पात्याला दगड लावणे म्हणजे दप्तरातील एकमेव अस्सल कागद खरवडणे होय.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानी घेण्यासारखी आहे. या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत, कारण पाते फिरंगी, युरोपातून आलेले. पोलाद तिकडचे, मूठ इकडची, हात इकडचा. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली, आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली ‘जगदंबा’ तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. परके पोलाद मराठी मुठीत बसवून आपलेसे करण्याची रीत मोठ्यांच्या घरी जुनी होती; शेफील्डचा चाकू सातारच्या कारकुनाच्या खिशात आला, हा त्याच रीतीचा एक गरीब अवतार समजावा.

दुसरे उदाहरण खिशातल्या शस्त्राचेच आहे. वाघनख हे मुठीत लपणारे हत्यार. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्याच्या वर्णनात सभासदाची बखर वाघनख आणि बिचवा या दोहोंचा उल्लेख करते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख तीन वर्षांच्या कराराने २०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात आले व प्रथम सातारच्या संग्रहालयात मांडले गेले, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. सातारच्या पहिल्या इंग्रज रेसिडेंटाच्या, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्यातून ते त्या संग्रहालयाकडे आले. त्याच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे : शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीस मारले ते हे वाघनख, आणि ते ग्रँट डफला पेशव्याच्या प्रधानाकडून मिळाले.

हा मजकूर वाचताच मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. अफझलखान मोगल सेनापती नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. म्हणजे वस्तू नीट जपली गेली, मखमलीत राहिली, गंजली नाही. परंतु तिच्याबरोबर ठेवलेली चिठ्ठी चुकली. त्या दिवशी वापरले गेले ते हेच वाघनख, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयही म्हणते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा धडा मला असा दिसतो : लोखंड जपणे सोपे, हकिकत जपणे कठीण, आणि हकिकत ज्याच्या घरची, त्याने ती वेळीच लिहिली नाही तर ती परका लिहितो, आणि आपल्या समजुतीप्रमाणे लिहितो.

दुसरीही एक गोष्ट त्यात आहे. वाघनखाचे सारे मोल त्या एका दिवसाच्या वापराचे आहे. ते कधीच मुठीबाहेर आले नसते, तर कोणत्याही पेटीत त्याला मखमल मिळाली नसती. आपण जपतो ती वस्तू नव्हे, तिचा वापर जपतो. यास अपवाद म्हणजे निव्वळ दिखाव्यासाठी घडविलेल्या वस्तू. आमच्या चाकूच्याच पेढीने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ‘नॉरफोक नाइफ’ नावाचा एक चाकू घडविला. त्याला पंचाहत्तर पाती व हत्यारे आहेत, आणि पात्यांवर निरनिराळी चित्रे कोरलेली आहेत. कारागिरीची ती कमाल खरी. परंतु तो कोणाच्या खिशात गेला नाही, त्याने कोणासाठी एक सफरचंदही कापले नाही. जन्मतःच संग्रहालयात गेलेल्या त्या वस्तूला पराक्रम आहे, पण चरित्र नाही.

तिसरा प्रसंग दुःखद आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तो विशेष स्मरणात ठेवावा. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले व ते संस्थानही संपले. राजवाड्यातील शस्त्रागारात पिढ्यान् पिढ्यांची हत्यारे होती : तलवारी, कट्यारी, भाले, हत्तीवरील अंकुश, त्यांतील कित्येक नायक राजांच्या काळापासूनची. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने त्या साठ्याची विल्हेवाट लावली. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयासाठी वेगळ्या काढल्या गेल्या, आणि उरलेल्या पुष्कळशा मोडून भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या. मद्रासला गेलेल्या कट्यारींच्या मुठी आज अभ्यासक दक्षिणेतील शस्त्रकलेचा उत्कृष्ट नमुना म्हणून वाखाणतात. ज्या तागडीत गेल्या, त्यांचे वाखाणणे राहून गेले.

या शस्त्रांना वापर उरला नव्हता, कारण राज्य गेले होते. आणि जपणारा उरला नव्हता, कारण घर गेले होते. वापर आणि जपणूक या दोन थड्यांच्या मधोमध जे पडते, ते वजनावर विकले जाते. आपल्या घरच्या वस्तूंची गत याहून वेगळी होते असे नाही. बदलीच्या आदल्या दिवशी ‘हे कोणाचे? हे कशाला?’ असे विचारीत माळ्यावरून जे खाली काढले जाते, त्यातील किती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते, हे प्रत्येकाने आपल्याशीच आठवावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. शस्त्र वापरावे की जपावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना मोकळेपणाने सोडविण्याची मुभाच मिळाली नाही. १८५७ नंतर ठिकठिकाणी लोकांकडून हत्यारे काढून घेण्यात आली, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. ज्या तलवारी तोवर भिंतीवर, हाताशी होत्या, त्या काही सरकारजमा झाल्या, काही माळ्यावर व भुयारात गेल्या, काहींचे नांगराचे फाळ झाले. आजही शस्त्रांविषयीच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते हे शस्त्राच्या व्याख्येत येते. घरकामाची, शेतीची व धंद्याची अवजारे तेवढी वगळली आहेत. चार बोटांचा चाकू या चाळणीतून सुटला. म्हणून सर्वसामान्य मराठी माणसाच्या हाती तलवारीचे जे काही उरले, ते विळी, कोयता, अडकित्ता आणि खिशातला चाकू एवढेच. आपला पोलादाशी असलेला संबंध या लहान पात्यांनी टिकविला.

या लहान पात्यांचे मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला. मात्र राजेरजवाड्यांच्या जडजवाहिरापेक्षा त्यांचे मन दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, करंडे, फणी अशा घरोघरच्या वस्तूंत रमले. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले, आणि १९६२ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयात अडकित्त्यांची रांग पाहिली म्हणजे कळते की, सुपारी कातरण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी आपल्या लोहारांनी व तांबटांनी घोडे, मोर, पोपट, स्त्रीपुरुष अशी किती रूपे घडविली. केळकरांनी ते घेतले, तेव्हा ते अडकित्ते वापरातून चालले होते. सुपारी अगोदरच कातरून, पुडीतून मिळू लागली होती. वापर संपण्याच्या घडीस कोणीतरी दाराशी उभे राहिले, म्हणून ते वाचले. तंजावरास असा माणूस नव्हता.

परंतु याच्या उलटही एक उदाहरण आहे, आणि ते जबलपुरच्या अगदी जवळचे आहे. शहरापासून थोड्या अंतरावर, बरेल्याच्या बाजूस, नर्रई येथे राणी दुर्गावतीची समाधी आहे. २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्या सैन्याशी लढताना राणीला दोन बाण लागले. रणांगण हातचे गेले असे दिसताच तिने आपल्या हत्तीवरील आधार नावाच्या सेवकास आपल्याला संपविण्यास सांगितले. त्याचे धैर्य होईना. तेव्हा तिने स्वतःचाच खंजीर स्वतःवर चालविला. हे वर्णन अकबराच्या पदरच्या अबुल फजलने लिहिले आहे, म्हणजे शत्रुपक्षाच्या लेखणीतून ते आले आहे. त्या खंजिराचे काय झाले हे कोणी सांगत नाही, आणि आश्चर्य असे की, कोणी विचारतही नाही. समाधीपाशी जाणारा वाटसरू एक पांढरी गारगोटी वाहतो, ही जुनी चाल आहे. एकोणिसाव्या शतकात येथे अंमल गाजविणाऱ्या स्लीमनने सुद्धा तिची नोंद केली आहे. पाते गेले, गारगोट्या दरवर्षी वाढतात. काही स्मृतींना वस्तूचा आधार लागत नाही, कृतीचा लागतो. आणि ती कृती कितीही लहान असली तरी चालते, मात्र ती पुन्हा पुन्हा व्हावी लागते.

आणि आपल्या परंपरेने वस्तूलाही अशी पुन:पुन्हा घडणारी कृती लावून दिली आहे, ती म्हणजे खंडेनवमी. सातारच्या राजघराण्यातील भवानी तलवार विजयादशमीस मिरवणुकीने निघते. जबलपुरच्या कारखान्यांत सप्टेंबरच्या सतरा तारखेस विश्वकर्म्याची पूजा होते. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, १९४० च्या दशकात खमरियाचा; २०२१ मध्ये त्या सर्वांची सरकारी कंपन्यांत वाटणी झाली; पण लेथला हार घालण्याची रीत अबाधित आहे. या पूजेचा अर्थ मी आजवर नीट ध्यानी घेतला नव्हता. त्या दिवशी हत्यार घासून पुसून, तेलाचा हात फिरवून, जागेवरून उचलून पाटावर ठेवले जाते. वर्षातून एकदा त्याची तपासणी होते. एक दिवस त्याला विश्रांती मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन, म्हणजे पुन्हा काम. वापर आणि जपणूक यांत निवड करावी असे ही रीत सांगतच नाही. वर्षाचे बहुतेक दिवस वापरासाठी आणि एक दिवस जपणुकीसाठी, असा तिचा हिशेब आहे.

पोलादाचा स्वभावही याच बाजूने साक्ष देतो. जुन्या चाकूंचे पोलाद निष्कलंक जातीचे नव्हते. त्यात क्रोमियम नसे, म्हणून ओलसर हवेत ते तांबेरते. परंतु रोज फळे-भाज्या कापणाऱ्या पात्यावर आम्लाच्या संयोगाने हळूहळू एक करडा-काळसर थर चढतो. तो तांबड्या गंजासारखा पोखरीत जात नाही, उलट काही अंशी आतल्या पोलादाचे रक्षण करतो. त्यातच वापरणारा माणूस पाते पुसतो, बोटाने पाहतो, तेल लावतो. बंद पात्याला हे काहीच मिळत नाही. जबलपुरचा श्रावण-भाद्रपद त्याच्या खाचेत शिरून बसतो, आणि कोणी उघडीत नाही म्हणून कोणास कळत नाही. संग्रहालयवाले लोखंडाभोवतीची हवा कोरडी ठेवतात, मेणाचा पातळ लेप देतात, वरचेवर पाहणी करतात. जपणे हेसुद्धा एक कामच आहे. आमच्या घराने लहान पाते जपले असे आम्ही समजत होतो. खरे पाहता आम्ही ते नुसते वापरले नव्हते.

हे सर्व पाहिल्यावर निर्णय कसा करावा? आपण सरकारी माणसे. आपल्याला नियमाची सवय. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत फायलींचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील फाइल कायम जपायची, आणि तिची सूक्ष्मचित्रफीतही करून ठेवायची; दुसऱ्या वर्गातील कायम जपायची, पण चित्रफितीची आवश्यकता नाही; तिसऱ्या वर्गातील मर्यादित काळ ठेवून, मुदत संपताच पाहणी करून नष्ट करायची. हा विभाग वर्षानुवर्षे हाताळूनही आपण त्याचा घरच्या वस्तूंना उपयोग करीत नाही, याचे मला नवल वाटते. कागद कोणत्या वर्गात घालायचा हे ठरविताना कागद महाग आहे काय, असे कोणी विचारीत नाही. हा गेला तर दुसरीकडे पुरावा उरतो काय, असे विचारतात.

या न्यायाने रघूजींची तलवार पहिल्या वर्गातील. तिचा लेख एकमेव आहे. वाघनखही पहिल्याच वर्गातील, पेटीवरील चुकीच्या मजकुरासह. कारण चूक हाही पुरावा असतो. आणि आजोबांचा चाकू? त्या पेढीने असे असंख्य चाकू केले, त्यांचे उत्तम नमुने शेफील्डला आहेत. लहान पात्यावरील चांदणी आणि क्रूस नाहीसे झाले, तरी जगाच्या ज्ञानात तीळभर उणीव येणार नाही. त्या पात्याची झिलई संग्राहकाच्या दृष्टीने दुर्मिळ आहे. इतिहासाच्या दृष्टीने नाही.

त्या चाकूत दुर्मिळ असे जे आहे ते मोठ्या पात्यात आहे. त्याचा गेलेला एक तृतीयांश. तो आजोबांच्या व वडिलांच्या हातांनी गेला. टाक, पेन्सिली, पेरू, आणि माझ्या मुंजीच्या निमंत्रणांच्या गठ्ठ्याची सुतळी यांवर गेला. पात्याची धार मुळाशी खोल व टोकाशी उथळ झिजली आहे, कारण वडील डाव्या हाताने धार लावीत. असा चाकू दुसरा नाही. आणि ही साक्ष संग्राहकाच्या हिशेबी खोट होती. तिच्यासाठी त्याने किंमत कमी धरली होती.

म्हणून मी पुढीलप्रमाणे ठरविले. चाकू विकायचा नाही. एका वहीत त्याची हकिकत लिहायची : कोणी घेतला, कोठे, कोणत्या साली, कोणी काय कापले, कोणत्या हाताने धार लावली. जे ठाऊक ते लिहायचे. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहायचे. सोबत दोन्ही पात्यांची छायाचित्रे, मापासह. पेटीवर कोणा परक्याने काही लिहिण्यापूर्वी आपण लिहावे. मोठे पाते वापरात राहील, परंतु त्याला दगड वर्षातून एकदाच लागेल. ते आता म्हातारे झाले आहे.

लहान पात्याविषयी मी बराच काळ अडखळलो. आजोबांनी ते राखले, त्या इच्छेचा मान कसा राखावा? ते कशासाठी राखले हे त्यांनी सांगितले नाही, हे मी वर लिहिले आहे. परंतु विचार करता वाटते की, माणूस दुसरे पाते राखून ठेवतो ते संग्राहकासाठी नव्हे. पहिले झिजेल हे त्याला ठाऊक असते. पुढे कोणाला तरी लागेल, म्हणून तो ते राखतो. विहिरीवर दुसरा दोर ठेवतात तसे. पहिले पाते झिजले आहे. ज्याच्यासाठी राखले तो कोणी तरी आता घरात आहे.

यंदाच्या खंडेनवमीस चाकू नेहमीप्रमाणे पाटावर होता. तांबेऱ्याचे ठिपके मी आधीच तेलाने व मऊ कापडाने जेवढे निघतील तेवढे काढले होते. खोलवरचे दोन राहिले, ते राहू दिले. दुसऱ्या दिवशी, आपट्याची पाने वाटून झाल्यावर, मुलीला जवळ बसवून लहान पाते उघडले, आणि बोट कोठे ठेवायचे, पाते आपल्यापासून दूर कसे न्यायचे, मिटताना मूठ कशी धरायची, हे तिला दाखविले. तिने पेन्सिलीला टोक केले. वाकडेच झाले, दुसऱ्या वेळी थोडे बरे झाले. मग पाते पुसून, तेलाचे बोट फिरवून तिने स्वतःच मिटले, आणि वहीत तारीख घातली.